धुई पडायच्या आत जुन्या गाडीचे फॉग लाईट करा नीट. धुरकट काच, गंजलेली अर्थ आणि चुकलेला कोन असा सुधारा

परभणी : दिवाळी उरकली, की जिल्ह्यातल्या रस्त्यांवर दोन गोष्टी वाढतात. एक म्हणजे कारखान्याकडं निघालेला ऊस आणि दुसरी म्हणजे पहाटेची धुई. गंगाखेड, सोनपेठ, पाथरी, मानवत, पालम, पूर्णा या गोदाकाठच्या पट्ट्यात तर रात्री आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला असला, की पहाटे समोरचा बांधही दिसत नाही. जायकवाडीच्या डाव्या कालव्याचं पाणी फिरलेली भिजकी रानं, ऊस आणि नदीचं पात्र यामुळं हवेत ओल असतेच. जमीन गार पडली की हीच ओल बारीक थेंब होऊन रस्त्यावर बसते.

अशा वेळी दुधाचे कॅन, भाजीपाला नाहीतर दवाखान्याचा पेशंट घेऊन निघालेल्या गाड्या बऱ्याचदा जुन्याच असतात. एमएच २२ पासिंगची जीप, सुमो, कमांडर, बोलेरो, पिकअप. पुढच्या बंपरवर कधीकाळी हौसेनं लावलेले दोन फॉग लाईट असतात. दहा-पंधरा वर्षांनी त्यातला एक बंद पडलेला असतो आणि दुसऱ्याच्या काचेला मोतीबिंदू झालेला असतो. मालक म्हणतो, आता नवेच टाकू, तेही झगझगीत एलईडीचे. पण जुना लाईट बहुतेक वेळा मेलेला नसतो. काच, वायर, अर्थ किंवा कोन यातलं काहीतरी बिघडलेलं असतं आणि ते अर्ध्या दिवसात सुधारता येतं. आणि कोन चुकला, तर नवा महागडा लाईटही धुक्यात उपयोगाचा नाही.

फॉग लाईट म्हणजे जास्त उजेड नव्हे

धुक्यात अप्पर लावला की समोर पांढरा पडदा उभा राहतो, हे प्रत्येक ड्रायव्हरला माहीत आहे. कारण सोपं आहे. धुकं म्हणजे पाण्याचे बारीक थेंब. हेडलाईटचा लांब आणि उंच झोत या थेंबांवर आदळतो आणि उलटा ड्रायव्हरच्या डोळ्यात येतो. जितका उजेड जास्त, तितका पडदा दाट.

फॉग लाईट हाच घोळ टाळण्यासाठी बनवलेला असतो. त्याचा झोत रुंद पण चपटा असतो. वरचा काठ सुरीनं कापल्यासारखा सरळ असतो आणि त्या काठाच्या वर उजेड जवळजवळ जात नाही. लाईट बंपरवर खाली बसवलेला असतो आणि ड्रायव्हरचा डोळा बराच वर असतो. त्यामुळं डोळ्याच्या रेषेतल्या धुक्यावर उजेड कमी पडतो आणि रस्त्याच्या कडा, पांढरी पट्टी, साईडपट्टीचा खड्डा दिसतो. लांबचं दाखवणं हे फॉग लाईटचं कामच नाही. टपावर किंवा कॅरियरवर बसवलेला लाईट कितीही मोठा असला तरी धुक्यात तो फॉग लाईट म्हणून उपयोगी पडत नाही.

जुन्या चांगल्या फॉग लाईटच्या काचेवर इंग्रजीतलं बी अक्षर कोरलेलं आढळतं. ती युरोपातल्या मान्यतेची खूण आहे. काही काचांवर वरची बाजू कोणती हेही लिहिलेलं असतं. काचेवरच्या उभ्या रेघाच झोत आडवा पसरवतात. म्हणून खोलून परत बसवताना काच उलटी किंवा आडवी बसली, की झोत बिघडलाच म्हणून समजा.

पिवळा रंग धुकं फोडतो का?

गॅरेजमध्ये सर्रास सांगितलं जातं, की पिवळा लाईट धुकं फोडतो. पण धुक्याचा थेंब प्रकाशाच्या लहरीपेक्षा दहा-वीस पट मोठा असतो. एवढा मोठा थेंब पांढरा, पिवळा, निळा असा भेद फारसा करत नाही, सगळेच रंग सारखे उधळतो. म्हणूनच धुकं पांढरं दिसतं. पिवळ्या काचेनं निळा भाग गाळला जातो, त्यामुळं काही जणांच्या डोळ्याला चमक कमी जाणवते, एवढाच काय तो फायदा. फ्रान्समध्ये १९९३ पर्यंत गाड्यांना पिवळे हेडलाईट लावणं सक्तीचं होतं, नंतर ती सक्ती गेली.

मूळची काच पिवळी असेल तर राहू द्यावी. पांढऱ्या काचेवर पिवळा कागद किंवा रंग चढवू नये, कारण त्यानं उजेडच कमी होतो. आणि मूळची पांढरी प्लास्टिकची काच वय होऊन पिवळी पडली असेल, तर तो फॉग लाईटचा पिवळा रंग नव्हे, तो बिघाड आहे.

आधी दुखणं ओळखा

काही खोलण्याआधी संध्याकाळी दोन्ही लाईट लावून बघावेत. एकच मंद असेल तर त्याच बाजूचा बल्ब, होल्डर किंवा अर्थ खराब. दोन्ही मंद आणि लालसर असतील तर वायरमध्ये व्होल्टेज मरतंय. बल्ब पांढरा शुभ्र जळतोय पण भिंतीवर डाग पडल्यासारखा उजेड येतोय, तर काच किंवा आतला रिफ्लेक्टर गेलाय. गाडी हलली की लाईट लपकत असेल तर कनेक्शन ढिलं आहे.

मग काचेवर नखानं टिचकी मारावी. टण आवाज आला तर खरी काच, टक असा मऊ आवाज आला तर प्लास्टिक. दोन्हींचा इलाज वेगळा आहे.

प्लास्टिकची काच अशी घासा

प्लास्टिकची काच पॉलिकार्बोनेटची असते. तिच्यावर कारखान्यातून उन्हापासून वाचवणारा पातळ थर दिलेला असतो. आपल्याकडच्या उन्हानं काही वर्षांत तो थर फुटतो आणि खालचं प्लास्टिक पिवळं, धुरकट होतं. धुरकटपणा बाहेरच्या बाजूला असेल तर तो निघतो.

काच साबणाच्या पाण्यानं धुवावी. भोवतीच्या बंपरला चिकटपट्टी लावावी. मग वॉटर पेपर घ्यावा. थर जास्त खराब असेल तर ८०० नंबरपासून, नाहीतर १००० पासून सुरुवात करावी. त्यानंतर १५००, २००० आणि मिळाला तर ३००० असा क्रम ठेवावा. पेपर आणि काच दोन्ही सतत ओली ठेवायची. एका नंबरनं आडवं घासलं तर पुढच्या नंबरनं उभं घासावं, म्हणजे आधीचे ओरखडे गेले की नाही ते कळतं. सुरुवातीला पिवळसर दुधट पाणी निघतं, तो जुना थर. पाणी पांढरं यायला लागलं की पुढचा नंबर घ्यावा. घाई करून मधला नंबर गाळला तर ओरखडे शेवटपर्यंत जात नाहीत.

शेवटी रबिंग कंपाउंड आणि मऊ कापडानं चकाकी आणायची. मशीन असेल तर हळू फिरवावं, एका जागी धरलं की प्लास्टिक तापून वितळतं.

इथंच बरेच जण थांबतात आणि फसतात. घासताना जुना संरक्षक थर निघून गेलेला असतो. काच आता उघडी आहे, आणि येत्या उन्हाळ्यात ती आधीपेक्षा लवकर पिवळी पडते. म्हणून वरून ऊन रोखणारं क्लिअर कोटिंग मारणं गरजेचं आहे. ते सावलीत, धूळ नसलेल्या जागी मारावं आणि डब्यावर लिहिलंय तेवढा वेळ वाळू द्यावं. टूथपेस्टनं घासायचा जो उपाय सांगितला जातो, त्यानं हलका धुरकटपणा जातो, पण तो तात्पुरता. टूथपेस्ट हा पॉलिशचाच प्रकार आहे, तिनं ऊन अडत नाही. थिनर किंवा पेट्रोलनं पुसण्याच्या भानगडीत मात्र अजिबात पडू नये, त्यानं प्लास्टिकला बारीक तडे जातात.

खरी काच असेल तर

जुन्या जीपच्या गोल फॉग लाईटला बहुधा खरी काच असते. ती पिवळी पडत नाही, पण तिच्यावर क्षाराचे डाग बसतात आणि खडीचे बारीक टवके उडतात. बोअरच्या पाण्यानं गाडी धुणाऱ्यांना हे पांढरे डाग चांगले माहीत आहेत. डागांवर व्हिनेगर किंवा लिंबाचा रस लावून दहा मिनिटांनी धुतलं तर ते उतरतात. टवके घरी निघत नाहीत, आणि वॉटर पेपरनं खऱ्या काचेला नुसते ओरखडे पडतात. टवके फार झाले असतील तर काच बदलणं हाच उपाय. त्यातून येणारा उजेड सगळीकडं उधळतो आणि धुक्यात नेमकं तेच नको असतं.

रिफ्लेक्टरला हात लावताना जपून

काचेच्या मागची चमकणारी वाटी म्हणजे रिफ्लेक्टर. बहुतेक रिफ्लेक्टरवर ॲल्युमिनियमचा इतका पातळ थर असतो, की बोटानं जोरात चोळला तरी निघून येतो. म्हणून घासायची सवय इथं चालत नाही. फुंकणीनं धूळ उडवावी. फारच घाण असेल तर बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर ओतून हलवावं, उपडं करून निथळावं आणि सावलीत वाळवावं. इतकंच.

थर काळा पडला असेल, सोलला असेल, मागून गंज वर आला असेल, तर तो लाईट पॉलिशनं जिवंत होत नाही. काही जण चांदीचा स्प्रे मारतात किंवा स्वयंपाकघरातली फॉईल चिकटवतात. दोन्हींनी उजेड विस्कटतो. क्रोम चढवून घेणं दिसायला झकास, पण क्रोम हा ॲल्युमिनियमपेक्षा बराच कमी उजेड परतवतो. असा लाईट जोडीनं बदलणंच परवडतं.

आत पाणी का साचतं?

पावसाळ्यानंतर लाईटच्या आत थेंब दिसले, की पहिला विचार येतो सगळीकडं सिलिकॉन भरून टाकायचा. पण लाईट तापतो तेव्हा आतली हवा फुगते आणि गार झाला की आकसते. त्या हवेला ये-जा करण्यासाठी खालच्या बाजूला बारीक छिद्र किंवा रबरी नळी दिलेली असते. मातीनं तीच बुजलेली असते. आधी ती मोकळी करावी. मग काचेच्या भोवतीचं रबर बघावं. कडक होऊन तडकलं असेल तर नवं टाकावं. सिलिकॉन लावायचंच असेल तर फक्त फटीला, छिद्राला नाही. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन आतल्या चमकेला आणि तांब्याच्या वायरला त्रास देतं, तेही ध्यानात ठेवावं.

अर्धं दुखणं वायरमध्ये असतं

काच चकचकीत केली तरी लाईट मंदच, अशी तक्रार आली तर मल्टिमीटर घ्यावा. लाईट चालू ठेवून आधी बॅटरीवर व्होल्टेज मोजावं, मग थेट बल्बच्या दोन टोकांवर. दोन्हीत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक आला तर वाटेत कुठंतरी गळती आहे. हा फरक छोटा वाटतो, पण हॅलोजन बल्बचं गणित वेगळं असतं. व्होल्टेज १० टक्के कमी मिळालं की उजेड सुमारे ३० टक्के कमी होतो.

पहिला संशय अर्थवर घ्यावा. बंपरच्या बोल्टला चिकटवलेली अर्थ रंग आणि गंजावर बसलेली असते. बोल्ट खोलून पत्रा चकचकीत होईपर्यंत घासावा, थिंबल नवी टाकावी, घट्ट आवळावी आणि वरून ग्रीस लावावं. होल्डरमधल्या हिरव्या पडलेल्या पट्ट्याही साफ कराव्यात. हिरवा रंग म्हणजे तांब्याचा गंज.

दुसरा संशय स्विचवर. ५५ वॅटचे दोन बल्ब मिळून साधारण ९ अँपिअर ओढतात. डॅशबोर्डवरच्या छोट्या स्विचमधून एवढा करंट नेला तर स्विच तापतो आणि वायर वितळते. म्हणून मध्ये रिले हवा. रिलेच्या बुडाला आकडे असतात. ३० नंबरला बॅटरीकडून फ्यूज घालून आलेली वायर, ८७ वरून लाईटकडं जाणारी, ८६ ला स्विचची आणि ८५ ला अर्थ. फ्यूज १५ अँपिअरचा असावा आणि तो बॅटरीच्या जवळच असावा. वाटेत कुठं वायर घासून बॉडीला लागली तर फ्यूज उडेल, गाडी पेटणार नाही. लाईटपर्यंत अडीच चौरस मिलिमीटरची वायर पुरते. हे काम जमत नसेल तर ऑटो इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यावं.

बल्ब मोठा नको, नीट हवा

जुन्या गोल फॉग लाईटमध्ये बहुधा एच-३ प्रकारचा ५५ वॅटचा बल्ब असतो. त्याच्या काचेला बोट लावू नये. हाताचं तेल लागलेली जागा जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो. चुकून लागलंच तर स्पिरिटनं पुसावं. एक बल्ब गेला तर दोन्ही बदलावेत, म्हणजे उजेड सारखा पडतो.

१०० वॅटचा बल्ब टाकायचा मोह होतो. पण त्यानं होल्डर वितळतो, प्लास्टिकची काच भाजते आणि जुनी वायर तापते. हॅलोजनच्या घरात एलईडी बल्ब बसवला तर वेगळीच अडचण येते. रिफ्लेक्टर हा हॅलोजनच्या तारेची जागा धरून घडवलेला असतो. एलईडीचा उजेड वेगळ्या जागेवरून निघतो, मग झोताचा कापलेला काठ जातो आणि उजेड वर उधळतो. डोळ्याला भगभगीत वाटतं, पण धुक्यात पडदा वाढतो आणि समोरचा आंधळा होतो.

शेवटचं आणि सगळ्यात मोलाचं काम : कोन

फॉग लाईट दुरुस्त करून कोन न लावणं म्हणजे पेरणी करून पाणी न देणं. सपाट जागेवर, चाकात हवा नीट भरून, गाडीत नेहमीचा भार ठेवून गाडी भिंतीपासून साडेसात मीटरवर, म्हणजे साधारण २५ फुटांवर सरळ उभी करावी. बंपरवरच्या लाईटच्या मध्याची जमिनीपासूनची उंची मोजावी आणि तेवढ्याच उंचीवर भिंतीवर खडूनं आडवी रेघ ओढावी. तिच्या खाली १० सेंटिमीटरवर, म्हणजे चार बोटं नव्हे तर मोजून चार इंचांवर, दुसरी रेघ ओढावी. अंधार पडल्यावर एका लाईटसमोर पुठ्ठा धरून दुसरा लावावा. झोताचा वरचा काठ खालच्या रेघेवर किंवा तिच्या खाली आला पाहिजे आणि तो आडवा सरळ दिसला पाहिजे. मग दुसऱ्या लाईटचं तसंच करावं.

लाईट जमिनीपासून ६० सेंटिमीटर उंच असेल, तर या मापानं झोताचा वरचा काठ ४५ मीटरवर रस्त्याला टेकतो. मागं पोती टाकली की गाडीचं नाक वर येतं आणि हा काठही वर जातो, म्हणून भार टाकूनच कोन लावायचा.

कायद्यालाही हेच हवं आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम १०६ सांगतो, की पुढच्या लाईटचा झोत कायम खाली वळवलेला असावा. लाईटपासून ८ मीटरवर, उजव्या काठापासून अर्धा मीटर बाजूला आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर असलेल्या माणसाच्या डोळ्यांना त्यानं दिपवता कामा नये. थोडक्यात, समोरून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याचा डोळा.

लाईट दुरुस्त झाला, वेग मात्र हातातच

हवामान खात्याच्या भाषेत १००० मीटरच्या आतलं दिसेनासं झालं की धुकं, २०० मीटरच्या आत दाट आणि ५० मीटरच्या आत अतिदाट. ताशी ६० च्या वेगानं गाडी एका सेकंदात जवळपास १७ मीटर जाते. ड्रायव्हरला कळून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरला, तर कोरड्या रस्त्यावर आणि चांगल्या ब्रेकवरही थांबायला ४५ ते ५० मीटर लागतात. फॉग लाईटचा उजेड जिथं संपतो, ती हीच जागा. दवानं रस्ता ओला असेल, गाडी भरलेली असेल, तर अंतर आणखी वाढतं. ताशी ४० ला तेच काम २५ ते ३० मीटरमध्ये होतं. म्हणून दाट धुईत ४० च्याही खाली यावं, फॉग लाईटसोबत डिपर ठेवावा आणि अप्परला हात लावू नये. धुई ओसरली की फॉग लाईट बंद करावेत.

आणि एक गोष्ट पुढच्या लाईटनं कधीच भागत नाही. जिंतूर, परभणी, गंगाखेड असो की पाथरी, मानवतचा रस्ता, ऊसाच्या ट्रॉलीला मागं लाल दिवा नसतो, रिफ्लेक्टर चिखलानं माखलेले असतात आणि बैलगाडीला तर काहीच नसतं. मागून येणाऱ्याला ती दिसते तेव्हा उशीर झालेला असतो. ट्रॉलीच्या मागच्या फळीवर लाल आणि बाजूला पिवळी चमकपट्टी लावायला फार पैसे लागत नाहीत. ज्यांच्या दारात जुनी जीप आणि ट्रॅक्टर दोन्ही उभे आहेत, त्यांनी जीपची काच घासायला बसलं की उरलेल्या वेळात ट्रॉलीची पट्टीही पुसून घ्यावी. पुढचं दिसणं जितकं गरजेचं, तितकंच मागच्याला आपण दिसणंही.